भाऊ सुटतोय, त्याला घरी आणू का?

पत्र:

माझा धाकटा भाऊ येत्या महिन्यात तुरुंगातून सुटतोय. आम्ही दोघं लहानपणापासून न्यू जर्सीतच वाढलो, दोघंही अमेरिकन नागरिक आहोत. बाबा गेल्यावर आई पुण्याला परत गेली. भाऊ पोलिसांच्या ऑनलाइन सापळ्यात सापडला. चौदा वर्षांची मुलगी समजून तो जिच्याशी चॅट करत होता, ती प्रत्यक्षात पोलीस अधिकारी निघाली. ठरलेल्या जागी भेटायला गेला आणि तिथेच अटक झाली. म्हणजे खरी मुलगी नव्हतीच, कुणाला इजाही झाली नाही. तरी शिक्षा झाली, आणि आता आयुष्यभर पॅरोलची देखरेख आणि पोलिसांकडे नोंदणी.

त्याला जायला दुसरी जागा नाही. आमच्या टाउनहाउसचं बेसमेंट फिनिश्ड आहे, खाली वेगळी बाथरूम आहे. पण शाळा चालत पाच मिनिटांवर. कुणी म्हणतं, शाळेपासून अडीच हजार फुटांच्या आत अशा माणसाला राहताच येत नाही. कुणी म्हणतं, न्यू जर्सीत असा कायदाच नाही. फ्लोरिडातला एक जुना मित्र त्याला नोकरी द्यायला तयार आहे. तिकडे पाठवू? की सरळ पुण्याला आईकडे? आईला आम्ही "कंपनीच्या पैशांच्या भानगडीत अडकला" एवढंच सांगितलंय. ती रोज फोनवर रडते, "पाठच्या भावाला रस्त्यावर टाकणार का" म्हणते. नवरा म्हणतो, तुझा भाऊ आहे, तू ठरव.

मुलगी दहा वर्षांची आहे, मामाची लाडकी. मामा कुठे आहे हे तिला माहीत नाही. खरं सांगायचं तर तो घरी असला तर एक सोयही होईल. तिची बस साडेतीनला येते आणि मला ऑफिसातून यायला साडेपाच होतात. भावाला परत ढोल-ताशा पथकात जायचंय, गणपती तोंडावर आलेत. मंडळात कुणाला काही माहीत नाही. काय करू?

— एक ताई, न्यू जर्सी

उत्तर:

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागून. त्याला घरी राहायला आणू नका. बेसमेंटमध्ये नको, "जागा मिळेपर्यंत दोन आठवडे" असंही नको. पण त्याला सोडूनही देऊ नका. या दोन्ही गोष्टी एका वेळी करता येतात. कशा, ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रातले बहुतेक प्रश्न फुटांचे आणि राज्यांचे आहेत. मी मात्र बसच्या वाक्यावर अडखळले. साडेतीन ते साडेपाच, रोज दोन तास, दहा वर्षांची मुलगी आणि मामा. हे तुम्ही "सोय" म्हणून लिहिलंत, आणि तुम्ही वाईट आई आहात म्हणून लिहिलं नाहीत. नोकरी करणाऱ्या प्रत्येक आईच्या डोक्यात हा साडेतीनचा काटा चोवीस तास टोचत असतो. पण भावाच्या सुटकेच्या कागदांसोबत अटींची यादी येईल ती वाचा. न्यू जर्सीत अल्पवयीन मुलांशी संबंधित लैंगिक गुन्ह्यात आयुष्यभराची पॅरोल देखरेख लागते, तेव्हा अटी साधारण अशा असतात: अल्पवयीन मुलांशी आपणहून संपर्क ठेवायचा नाही, पॅरोलच्या, म्हणजे सुटल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या खात्याच्या, पूर्वपरवानगीशिवाय अल्पवयीन मूल असलेल्या घरात राहायचं नाही, पत्ता बदलण्याआधी आणि राज्याबाहेर जाण्याआधी परवानगी घ्यायची. आईवडील समोर असताना मुलाला भेटण्याची सहसा मुभा असते. एकटं असताना नसते. ही अट मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या सोयीसाठी तो ज्या दिवशी भाचीला बसवरून घेईल, त्या दिवशी तो परत तुरुंगात जायच्या वाटेवर असेल. पॅरोल ऑफिसर न कळवता घरी येतात, आणि ते साडेचारलाही येतात.

साडेतीनच्या प्रश्नाला शाळेचं आफ्टरकेअर आहे, शेजारच्या हायस्कूलमधली मुलगी आहे. पैसे जातील. जाऊ देत. या प्रश्नाचं उत्तर भावामध्ये शोधू नका.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे. "खरी मुलगी नव्हतीच." ताई, ती नव्हती हे आज तुम्हाला माहीत आहे, पोलिसांना तेव्हा माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती चौदा वर्षांची होती, तिने तसं सांगितलं होतं, आणि तरीही तो गाडी काढून निघाला. कायदा नेमकं हेच बघतो. समोर मूल आहे अशी त्याची समजूत होती का, आणि त्या समजुतीवर त्याने पाऊल टाकलं का. तो दुष्ट आहे, त्याच्या आयुष्याचा निकाल लागला, असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य घरात फिरत राहिलं तर उद्या तुमची लेक काही सांगायला आली तेव्हाही "तसं काही झालंच नाही" हेच तोंडात येईल. पुढच्या भेटीत त्याला विचारा, तू काय केलंस ते तुझ्या शब्दांत सांग. "मला अडकवलं" यापुढे तो जात नसेल तर घराचा विषय तिथेच संपतो. स्वतःच्या तोंडाने सगळं सांगत असेल, उपचाराबद्दल बोलत असेल, तर त्याच्यासाठी पुष्कळ काही करण्यासारखं आहे.

आता अडीच हजार फूट. ही अफवा नाही, जुनी बातमी आहे. मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी जुलै १९९४ मध्ये आपल्याच राज्यात, हॅमिल्टन टाउनशिपमध्ये मारली गेली. समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाला मुलांवरच्या अत्याचाराबद्दल आधी शिक्षा झालेली होती आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता राज्याने मेगन्स लॉ केला, १९९६ मध्ये तो देशभर गेला. त्या कायद्यात नोंदणी होती, शेजाऱ्यांना कळवणं होतं. अंतराचा नियम नव्हता. तो २००५ च्या सुमाराला टाउनशिप्सनी आपापल्या पातळीवर आणला. शाळा, बाग, लायब्ररी, पाळणाघर यांपासून २,५०० फूट, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर. शंभरावर गावांनी असे ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियम, काढले. एका गावाने काढला की शेजारचं गाव घाबरतं, कारण तिकडून हाकललेला माणूस इकडेच येणार. अटलांटिक सिटीजवळच्या गॅलोवे टाउनशिपमध्ये त्याचा फटका कुणाला बसला, तर कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला. त्याचा गुन्हा तो स्वतः अल्पवयीन असतानाचा होता आणि त्याला सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात टाकलेलं होतं. प्रकरण चेरी हिल या दुसऱ्या टाउनशिपच्या खटल्याबरोबर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ मध्ये निकाल लागला की राज्याचा मेगन्स लॉ सगळा विषय व्यापतो, गावांना त्यावर आपलं कुंपण घालता येणार नाही. ते सगळे ऑर्डिनन्स गेले.

थोडक्यात, दुसरं "कुणी" बरोबर आहे. शाळा पाच मिनिटांवर आहे म्हणून तुमची टाउनशिप त्याला हाकलू शकत नाही. आजूबाजूलाही वारं त्याच दिशेने वाहिलं. पेन्सिल्व्हेनियात २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क व मॅसॅच्युसेट्समध्ये २०१५ मध्ये वरच्या न्यायालयांनी स्थानिक पातळीवरचे असे नियम रद्द केले. न्यूयॉर्कमध्ये मात्र पॅरोलवर असलेल्या काहींना शाळेपासून १,००० फुटांचा राज्याचा नियम लागू आहे, तो वेगळा.

कायद्याने अडवलं नाही म्हणजे पॅरोल अडवणार नाही असं नव्हे. घराचा पत्ता मंजूर करायचा की नाही हे पॅरोल ठरवतं. त्यात शाळेचं अंतर बघतील, पण त्याआधी घरात मूल आहे हे बघतील. टाउनहाउस म्हणजे एचओए, घरमालकांची सोसायटी, आलीच. तिची नियमावली कधी शेवटपर्यंत वाचलीत का? आपल्यापैकी कुणीच वाचत नाही, कुंड्या आणि पार्किंगचं भांडण होईपर्यंत. पँथर व्हॅली नावाच्या वसाहतीने सर्वांत जास्त धोक्याच्या वर्गातल्या नोंदणीकृत गुन्हेगाराला घरात राहता येणार नाही असा नियम केला होता. २००१ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयापुढे तो आला आणि टिकला, जरी न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा समोर नाही म्हणून हात आखडता घेतला होता. तुमच्या एचओएचा असा नियम असेल तर ती कटकट तुमच्या डोक्यावर येईल, त्याच्या नाही.

मग हे वर्ग, टिअर, म्हणजे काय? सुटल्यावर काउंटीचं सरकारी वकिलांचं कार्यालय एका तक्त्यावर त्याला गुण देईल. तेरा निकष, जास्तीत जास्त १११ गुण. ३६ पर्यंत टिअर एक, ७३ पर्यंत टिअर दोन, त्यावर टिअर तीन. पटलं नाही तर न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, तिथे वकील हवाच. टिअर एक असेल तर फक्त पोलीस यंत्रणेला कळतं. टिअर दोनला शाळा, पाळणाघरं, समर कॅम्प आणि नोंदणी केलेल्या संस्थांना नोटीस जाते. टिअर तीनला पोलीस दारोदार जातात. टिअर तीनचे सगळे आणि टिअर दोनमधले बरेचसे लोक राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर असतात, फोटो, गाडी आणि राहण्याच्या पत्त्यासकट. तो पत्ता तुमचा असेल. तुमच्या मुलीच्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर एक कागद येईल, त्यावर मामाचा फोटो आणि तुमच्या घराचा नंबर. तो कागद पुढे फिरवायचा नाही असे नियम आहेत. शाळेतल्या मुलांच्या आया काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

नोंदणी तशी आयुष्यभराची असते. पंधरा वर्षं कोणताही गुन्हा न करता काढली आणि त्याच्यापासून कुणाला धोका नाही हे न्यायालयाला पटलं, तर बरेच जण त्यातून सुटण्यासाठी अर्ज करू शकतात. पॅरोल देखरेखीसाठीही पंधरा वर्षांनी तसा अर्ज करता येतो. पत्ता बदलायचा असेल तर राहायला जायच्या किमान दहा दिवस आधी पोलिसांना कळवायचं, दर वर्षी पत्त्याची पडताळणी करायची. हे विसरण्याची शिक्षा मोठी आहे. त्याचा स्वभाव विसराळू असेल तर कॅलेंडरवर तुम्ही खुणा करा, हे बहिणीचं काम आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण तुमच्यासारखे बरेच वाचक मला विचारतात की मग ही अंतरं ठेवायची तरी कशाला. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००७ मध्ये एक पाहणी केली होती. सुटल्यानंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांची प्रकरणं एकेक करून तपासली. शाळा-बागांपासून अंतराचा नियम असता तर यातले किती गुन्हे टळले असते? एकही नाही. बरेचसे गुन्हे ओळखीतून झाले होते. मुलाच्या आईशी मैत्री, घरी येणंजाणं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालातही तेच दिसतं. पोलिसांपर्यंत आलेल्या प्रकरणांत अल्पवयीन मुलांपैकी ९३ टक्क्यांना अत्याचार करणारा माहीत होता, आणि त्यातले साधारण एक तृतीयांश घरातलेच होते. आयोवात २,००० फुटांचा नियम होता. त्याविरुद्ध २००६ मध्ये उभे राहिले ते राज्याच्या काउंट्यांचे सरकारी वकील, म्हणजे या लोकांना शिक्षा मिळवून देणारेच. नियमामुळे लोक पत्ते लपवायला लागले, पोलिसांना सापडेनासे झाले, अशी त्यांची तक्रार होती. तीन वर्षांनी तिथला नियम बदलला.

आणि तुम्ही नेमका उलटा धोका पत्करायला निघालात. शाळेचं अंतर फुटपट्टीने मोजताय आणि माणूस आणताय मुलीच्या खोलीखाली.

फ्लोरिडाचा विचार डोक्यातून काढा. एक तर पॅरोलवर असताना राज्य बदलणं म्हणजे दोन्ही राज्यांच्या परवानग्या, मित्राच्या नोकरीच्या पत्रावर ते होत नाही. शिवाय ते आगीतून फुफाट्यात पडणं होईल. तिथे राज्याचाच १,००० फुटांचा नियम आहे आणि मायामी-डेडसारख्या काउंटीचा २,५०० फुटांचा. नोंदणी सहसा जन्माची, ड्रायव्हिंग लायसन्सवरही खूण. मायामीत जुलिया टटल कॉजवे नावाचा समुद्रावरून जाणारा रस्ता आहे. नियमात बसणारी दुसरी जागाच उरली नाही म्हणून २००७ च्या सुमारास सुटलेले लोक त्या पुलाखाली राहायला लागले. तंबू, प्लायवुडच्या झोपड्या, पायाच्या साखळीतलं जीपीएस चार्ज करायला जनरेटर, आणि रात्री हजेरी घ्यायला येणारे अधिकारी. सरकारी कागदावर पत्ता म्हणून पुलाचं नाव. शंभराच्या आसपास माणसं झाली तेव्हा २०१० मध्ये वस्ती उठवली, आणि त्यातले कित्येक शहराच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उघड्यावर आले. तुमच्या भावाला तिथे नेऊन सोडणं याला मी मदत म्हणणार नाही.

पुण्याचंही तसंच. राज्याची हद्द ओलांडायला परवानगी लागते तिथे देशाची ओलांडणं दूरच राहिलं. पुढेमागे परवानगी मिळाली तरी २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार परदेशी जाण्याआधी २१ दिवस प्रवासाचा तपशील द्यावा लागतो, तो त्या देशाला कळवला जाऊ शकतो, आणि अल्पवयीन मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात नोंदणी असलेल्याच्या पासपोर्टवर तशी नोंद छापली जाते. मुंबईच्या विमानतळावर तो शिक्का बघून अधिकारी आत घेतील की परतीच्या विमानात बसवतील हे त्यांच्या हातात. भारतात अंतराचे असे नियम नाहीत हे खरं. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची आहे, पण ती पोलिसांसाठी, तुमच्या आईच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी नाही. आपल्याकडे माणसाला भागातून बाहेर काढायचा जुना मार्ग म्हणजे तडीपारी, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची. म्हणजे तिथे तुमच्या भावावर कुणाचंही लक्ष नसेल, उपचार नसतील, आणि सोसायटीतल्या ज्या मुलांना आजी आपल्या घरी खाऊ द्यायला बोलावते, त्यांच्या आयांना काही माहीत नसेल. तुमच्या मुलीसाठी जे चालत नाही ते त्यांच्या मुलींसाठी कसं चालेल?

मग जायचं कुठे? लहान मुलं नसलेल्या घरातली भाड्याची खोली. बस किंवा ट्रेनच्या मार्गावर, तुमच्यापासून वीसेक मिनिटांवर. सरकारी मदतीच्या घरकुलांचा रस्ता आजन्म नोंदणी असलेल्यांना बंद आहे, त्यात वेळ घालवू नका. खोली मिळणं अवघड आहे, दहा जण नाही म्हणतील. घरमालकाला खरं सांगा, कारण पॅरोल ऑफिसर दार वाजवेल तेव्हा त्याला कळणारच आणि मग सामान रस्त्यावर येईल. पहिल्या काही महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट तुम्ही भरा, जमलं तर. लैंगिक गुन्ह्यांवर काम करणारा थेरपिस्ट शोधायला मदत करा. साधा समुपदेशक नको, या विषयाचं प्रशिक्षण असलेला हवा. आठवड्यातून एकदा त्याला भेटा, तुम्ही एकट्या, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. सुटून आलेल्या माणसाला निदान एक माणूस सगळं माहीत असूनही भेटायला येतं, याचा उपयोग कुठल्याही फुटांपेक्षा जास्त होतो असं माझं मत आहे. सुटकेच्या अर्जात त्याने तुमचा पत्ता आधीच लिहिला असेल, बहुतेक जण लिहितात. तसं असेल तर तुरुंगातल्या त्याच्या केसवर्करला याच आठवड्यात फोन करून "माझ्या घरी अल्पवयीन मुलगी आहे, इथे तो राहणार नाही" असं स्पष्ट कळवा. शेवटच्या दिवशी कळलं तर त्याला कुठल्यातरी मोटेलात टाकतील.

पथकाबद्दल एका वाक्यात: नाही. आपल्या पथकांत अर्धे वादक हायस्कूलमधले असतात, सरावाला गाड्या वाटून जातात, मोठी मुलं लहानांना घरी सोडतात, रात्री उशिरापर्यंत ग्रुपवर मेसेज चालतात. न्यू जर्सीत अल्पवयीन मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मुलांसाठी खेळ, शिक्षण, सांस्कृतिक कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेत पगारी किंवा बिनपगारी काम करायला आणि भाग घ्यायलाही बंदी आहे. मराठी शाळा, बालनाट्य, पथक, सगळं त्यात येऊ शकतं. मंडळाला आधीच जाऊन सगळं सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पण तो परस्पर पथकाच्या प्रमुखाला फोन करतोय असं दिसलं तर तुम्ही सांगायचं, त्याच दिवशी. तिथे भीड चालणार नाही. हॉलमधल्या गणपतीला नुसतं दर्शनाला जाता येईल का, हे पॅरोल ऑफिसरला विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. घरच्या गणपतीचंही तसंच: परवानगी असेल तर आरतीपुरता, तुम्ही दोघं समोर, मुक्काम नाही. हॅलोवीनच्या संध्याकाळी मात्र त्याच्याकडे जाऊ नका आणि त्याला बोलवू नका, त्या रात्रीसाठी पॅरोलच्या वेगळ्या सूचना येतात.

लेकीला सांगा. दहाव्या वर्षी कळतं. सगळा तपशील नको. "मामाने एका मोठ्या नियमाचा भंग केला. मोठ्या माणसाने लहान मुलीशी जसं बोलू नये तसं तो बोलला. म्हणून कोर्टाने ठरवलंय की तो मुलांबरोबर एकटा राहणार नाही. हा नियम मोठ्यांनी पाळायचाय, तुला काही करायचं नाही." इतकं पुरे. त्यानंतर एकदा, गाडीत किंवा वेणी घालताना, डोळ्यात डोळे न घालता, विचारा की मामा किंवा आणखी कुणी तिला कधी नकोसं वाटेल असं वागलं, बोललं, फोनवर काही दाखवलं का. उलटतपासणी नको. ती नाही म्हणाली तर बरं वाटून घ्या आणि दार उघडं ठेवा. हो म्हणाली तर "नक्की का?" असं विचारू नका. "सांगितलंस ते चांगलं केलंस" म्हणा, आणि राज्याच्या बालसंरक्षण विभागाला फोन करा. न्यू जर्सीत असं काही कळल्यावर कळवणं हे शिक्षक-डॉक्टरांचंच नव्हे, प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, भावाची बहीण असली तरी.

नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. "तुझा भाऊ, तू ठरव" हे समजूतदार वाटतं, पण मुलगी दोघांची आहे. उद्या काही बिघडलं तर "मी तर तुझ्यावर सोपवलं होतं" म्हणायला तो मोकळा, आणि सगळं काही ठीक झालं तरी घर असून भावाला बाहेर ठेवल्याचं खापर तुमच्यावर. नाही म्हणायचं असेल तर त्यानेही म्हणायला हवं, भावासमोर, तुमच्या शेजारी बसून.

राहिली आई. पैशांच्या भानगडीची गोष्ट तुम्ही तिच्या काळजीपोटी रचलीत हे कळतं. पण ती झाकली मूठ आता फार दिवस झाकलेली राहणार नाही. तो वेबसाइटवर आला तर पुण्यातल्या कुठल्याही भाच्याने नाव टाकायचा अवकाश. आणि तोवर आई तिच्या परीने बरोबरच भांडत राहील. पैसे खाल्लेल्या मुलाला बहिणीने घरी का घेऊ नये? खोट्या माहितीवर ती तुम्हाला दगडाच्या काळजाची ठरवते आहे आणि तुम्हाला बोलताही येत नाही. व्हिडिओ कॉलवर एकट्या आईला सांगू नका. आधी मावशीला किंवा जी कुणी जवळची असेल तिला फोन करून सगळं सांगा, तिला आईकडे जाऊन बसू दे, चहा होऊ दे, मग तुम्ही बोला. आई विश्वास ठेवणार नाही. मग चिडेल, बहुधा तुमच्यावर. काही दिवस फोन उचलणार नाही. तरी हा फोन तो सुटायच्या आधी करा. सुटल्यावर तोच तिला पहिला फोन करेल, आणि मग तिच्या कानावर पहिली गोष्ट त्याची पडेल.